गावाच्या मालकीची औजार बँक : उभारण्याआधी आणि उभारल्यानंतर

मराठवाड्यातील अनेक गावांत आज पत्र्याच्या शेडखाली एखादे पेरणी यंत्र, एखादा रोटाव्हेटर आणि एखादे मळणी यंत्र उभे असलेले दिसते. कागदोपत्री ते शंभर-दीडशे सभासदांच्या मालकीचे असते. व्यवहारात मात्र शेडची किल्ली ज्याच्या घरी, त्याच्या मर्जीने ते बाहेर निघते. यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे, किती अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला कोणते अवजार चालते, हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. सामायिक मालकी पाच-सात हंगाम उलटल्यावरही सामायिकच राहावी यासाठी आधी काय ठरवावे आणि नंतर काय पाळावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे. औजार बँक, म्हणजे शेतीची यंत्रे सामायिक मालकीत ठेवून सभासदांना भाड्याने देणारी संस्था, हे येथे उदाहरण म्हणून घेतले आहे; गोदाम, दूध संकलन केंद्र किंवा सार्वजनिक वाचनालय यांना यातील बहुतेक गोष्टी थोड्याफार फरकाने लागू पडतात.

पहिला प्रश्न गरजेचा आहे आणि तो कठोरपणे विचारावा. जे काम प्रत्येकाला स्वतःच्या बळावर करता येते, त्यासाठी उभारलेली सामायिक संस्था फार काळ टिकत नाही. आपल्या भागातल्या बारवांचेच, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचेच, पाहावे. गावाला पाण्यासाठी बारवेशिवाय पर्याय नव्हता तोवर तिच्यातला गाळ काढणे हे गावाचे काम होते. घरोघरी नळ आणि शेतोशेती बोअर आल्यावर ती कोणाचीच राहिली नाही, आणि आता परभणीसारख्या जिल्ह्यांत हौशी मंडळी एकत्र येऊन त्या पुन्हा साफ करीत आहेत. ते काम स्तुत्य आहेच, पण तो वारशाविषयीचा जिव्हाळा झाला, गरज नव्हे. तेव्हा गावात आधीच पंधरा ट्रॅक्टर आणि पंधरा रोटाव्हेटर असतील तर सोळावा रोटाव्हेटर संस्थेने घेऊ नये. बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्र, बियाणे स्वच्छ करून त्याची प्रतवारी करणारे यंत्र किंवा हळद शिजवण्याचे कुकर अशी, वर्षातून मोजकेच दिवस लागणारी आणि एका खातेदाराला न परवडणारी वस्तू निवडावी.

सामायिक वस्तू सांभाळण्याची रीत आपल्याला नवी नाही. कामाच्या बदल्यात काम करण्याचा वारंगुळा आता कमी झाला असला तरी लग्नाच्या पंगतीची भांडी अजून बऱ्याच गावांत मारुतीच्या देवळात किंवा भजनी मंडळाकडे असतात आणि त्यांचा व्यवहार बारकाईने पाहण्यासारखा आहे. वधूपिता भांडी न्यायला येतो तेव्हा वही उघडली जाते. ताटे दोनशे, पेले दोनशे, पराती चार, ओगराळी सहा, कढया दोन, झारे तीन अशी यादी त्याच्यासमोर मोजून लिहिली जाते आणि खाली त्याची सही घेतली जाते. भांडी परत येतात तेव्हा हळद-तेलाचा वास अजून गेलेला नसतो, मंडपवाला घाई करीत असतो, तरीही पेल्यांच्या चळती लावून तीच यादी पुन्हा मोजली जाते. दोन पेले कमी भरले किंवा परातीला पोचा आला, तर भरपाई तिथेच ठरते. सरपंचाच्या घरचे लग्न असले तरी मोजणी चुकत नाही, म्हणून मोजणीचा राग कोणालाही येत नाही. लाखाचे पेरणी यंत्र मात्र फोनवरच्या एका वाक्यावर बाहेर जाते आणि फण वाकवून परत येते, तेव्हा त्याची नोंद कोठेही झालेली नसते. हा फरक का पडतो, याचा विचार स्थापनेच्या पहिल्याच बैठकीत करावा.

याच भांड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक गावांत ही भांडी प्रत्येक वस्तीला मिळत नव्हती, आणि 'गावची' या शब्दात कोण बसते हे न बोलता ठरलेले असे. नवी संस्था काढताना ही सीमा न बोलता ठरू देऊ नये. सभासद कोणाला होता येईल हे लिहून काढावे: गावच्या शिवारात जमीन कसणारा प्रत्येक जण, मग सातबारा त्याच्या नावावर असो किंवा तो बटईने करीत असो. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते, म्हणून सातबाऱ्याची अट घातली की स्त्रिया आपोआप बाहेर राहतात. त्याऐवजी कसणाऱ्याचा दाखला ग्राह्य धरावा आणि एका घरातून नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्र भाग (शेअर) घेऊ द्यावा. शेड देवळाच्या आवारात बांधू नये आणि एखाद्या संचालकाच्या शेतात तर मुळीच बांधू नये. शाळेजवळची किंवा ग्रामपंचायतीची, सर्व वस्त्यांना सारखीच आपली वाटेल अशी जागा रीतसर ठराव करून घ्यावी.

नोंदणीचा प्रकार हा पुढचा मुद्दा, आणि त्यावर गावात गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. सुरुवातीला 'आत्मा'कडे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे) नोंदलेला शेतकरी गट किंवा महिलांचा बचत गट पुरतो. भांडवल वाढले की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी करता येते. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती लागतात. शेतकरी उत्पादक कंपनी काढायची झाल्यास किमान १० उत्पादक लागतात. दोन्ही प्रकारांत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त असा हिशेब नसून, व्यक्तिगत सभासदाला एकच मत असते. सहकारी कायद्यात तर एका सभासदाने एकूण भाग भांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक भाग धारण करू नयेत, अशीही मर्यादा आहे. लोकवर्गणीतून वाचनालय किंवा शाळा काढायची असेल तर प्रकार बदलतो: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांनी संस्था नोंदवायची आणि ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवायची. तेथे भाग नसतात, नफा वाटता येत नाही, स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल वर्षानुवर्षे न दिल्यामुळे, मयत विश्वस्तांच्या नावाने चालणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत.

भाग भांडवल किती गोळा करावे, यापेक्षा ते कधी आणि कोणाकडून गोळा होते याला महत्त्व आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून मराठवाड्यात आणि विदर्भात गट व कंपन्यांना औजार बँकेसाठी अनुदान मिळाले, इतर योजनांतूनही मिळते, आणि ते घेण्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो क्रमामुळे. आधी अनुदानाची जाहिरात येते, मग चार जण धावपळ करून शंभर आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा करतात, सभासदांचा वाटा म्हणून दाखवायची रक्कम एक-दोघेच भरतात, आणि यंत्र आल्यावर ते स्वाभाविकपणे त्या एक-दोघांचे होते. बाकीच्यांनी दिलेली असते ती केवळ झेरॉक्स. त्यांना जाब विचारण्याचा नैतिक आधार वाटत नाही आणि पैसे भरणाऱ्यांना जाब देण्याची गरज वाटत नाही. म्हणून अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी किमान एक हंगाम स्वतःच्या पैशाने काहीतरी चालवून पाहावे. भाड्याने आणलेले एखादे यंत्र असले तरी चालेल. प्रत्येकाने पाचशे रुपये भरावेत, पण ते त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने भरावेत आणि त्याची पावती त्याच्याजवळ असावी. निजामाच्या राजवटीत, राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना, १९२१ साली आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, ती सरकारी मदतीची वाट पाहून नव्हे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या शाळांत शिकवले त्या हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांमागे आपापल्या ऐपतीने देणारी माणसे होती. वर्गणी देऊन जाब विचारण्याची ही सवय आपल्या भागाला चांगली परिचित आहे; योजनांच्या काळात तीच क्षीण झाली, असे माझे मत आहे.

आता सर्वांत अवघड भागाकडे येऊ, तो म्हणजे पाळी. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी असा कृषी विभागाचा सल्ला असतो. तेवढा पाऊस साऱ्या शिवारात जवळपास एकाच वेळी पडतो, वाफसा (पेरणीजोगी ओल) जवळपास एकाच वेळी येतो, आणि तो तीन-चार दिवसच राहतो. म्हणजे वर्षभर शेडमध्ये उभे असलेले यंत्र त्याच चार दिवसांत प्रत्येकाला हवे असते. संस्था येथेच जुळते किंवा येथेच फुटते. 'समजुतीने घेऊ' असे म्हणून हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या संस्थेत पहिले शेत अध्यक्षांचे, दुसरे त्यांच्या भावाचे आणि तिसरे ट्रॅक्टर चालकाच्या मेहुण्याचे पेरले जाते, आणि बाकीचे सभासद पुढच्या वर्षी खासगी ट्रॅक्टरवाल्याकडे जातात.

पाळीचा नियम मे महिन्यात, आभाळ कोरडे असताना करावा, कारण तेव्हा कोणाची जमीन आधी भिजणार हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाराचे तीन-चार भाग पाडावेत. ओढ्यापलीकडचे, माळाचे, काळ्या रानाचे, जसे गावात बोलले जाते तसे. कोणता भाग आधी यासाठी सभेत लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढावी, आणि पुढील वर्षी तो भाग शेवटी जावा. एका भागात यंत्र शिरले की त्या भागातली सर्व सभासदांची शेते संपवूनच बाहेर यावे. त्यामुळे डिझेलही वाचते. प्रत्येकाला पहिल्या फेरीत ठरावीक मर्यादेपर्यंतच, समजा तीन एकरांपर्यंत, पेरणी मिळावी आणि उरलेले क्षेत्र दुसऱ्या फेरीत घ्यावे. नाहीतर वीस एकरवाला एकटाच संपूर्ण वाफसा घेऊन जातो. माळाचे हलके रान लवकर वाळते, काळे उशिरापर्यंत चिकट राहते, हेही लक्षात घ्यावे लागते. चिठ्ठीने आलेला क्रम जमिनीच्या जातीमुळे बदलायचा असेल तर त्याचा नियमही मे महिन्यातच लिहावा. आणि एक नियम कोणत्याही सवलतीशिवाय ठेवावा: ज्या भागात यंत्र असेल, त्या भागात संचालकाचे शेत शेवटी. हा नियम ऐकून जो संचालक होण्यास नकार देईल, त्याला आग्रह करू नये.

यंत्राची वही भांड्यांच्या वहीसारखीच असावी, फक्त रकाने वेगळे: तारीख, जमिनीचा गट नंबर, एकर, लागलेले डिझेल, पावती क्रमांक, चालकाची सही, शेतकऱ्याची सही, आणि शेवटी एक रुंद रकाना, ज्यात यंत्र परत येताना काय आढळले ते लिहायचे. 'तिसरा फण वाकला', 'खतपेटीची चकती अडकते', 'बेअरिंग आवाज करते', अशा नोंदी त्या रकान्यात दिसल्या पाहिजेत; तो रकाना हंगामभर कोरा असेल तर यंत्र उत्तम आहे असे समजू नये, वही कोणी लिहीत नाही असे समजावे. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी शेडच्या दारावर एक फळा असावा, आणि त्यावर उद्या कोणाची पाळी आहे व आजपर्यंत किती रक्कम जमली हे खडूने लिहिलेले असावे. हिशेब वर्षाच्या शेवटी छापील अहवालात देण्यापेक्षा रोज दोन ओळींत दिसण्याचा परिणाम फार मोठा आहे, कारण अहवालातल्या बेरजेवर शंका घेणे कठीण असते, पण 'काल माझ्या शेतात दोन एकर झाले, फळ्यावर दीड कसे' असे कोणीही विचारू शकते.

उधारीचा निर्णयही अगोदरच करावा लागतो. जून महिन्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो आणि सोयाबीन बाजारात जायला दिवाळी जवळ येते, त्यामुळे 'रोख भरा, तरच यंत्र' हा नियम कागदावर चांगला आणि शिवारात निरुपयोगी ठरतो. डिझेल आणि चालकाचा खर्च रोख घ्यावा, उरलेले भाडे ३० नोव्हेंबरपर्यंत उधार ठेवावे आणि थकबाकीदाराला पुढील हंगामात पाळी नाही, एवढे स्पष्ट असावे. लाभ आणि भरणा यांची सांगड घालण्याचे चांगले उदाहरण जवळच आहे: छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळण देण्याची पद्धत सुरू केली, आणि त्या गावाची ओळखच त्यामुळे झाली. दंडाच्या धाकाने जेवढा भरणा होतो त्यापेक्षा अधिक भरणा अशा रोजच्या सोयीमुळे होतो.

वार्षिक सर्वसाधारण सभेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. सभेची सूचना बहुतेक संस्थांत वर्षानुवर्षे तीच असते. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' येथून ती सुरू होते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे' येथे संपते, आणि खाली बारीक अक्षरांत टीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व अशा सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ही टीप नियमाला धरूनच असते. परंतु पुष्कळ ठिकाणी सारी सभा त्या टिपेवरच चालते. सात-आठ जण बसतात, अर्धा तास चहात जातो, सर्व विषय 'सर्वानुमते मंजूर' होतात आणि पुढचा आठवडाभर सेवक प्रोसिडिंग बुक घेऊन घरोघरी सह्यांसाठी फिरतो. आपण ज्या सभेला गेलोच नाही तिच्या इतिवृत्तावर सही करणारा सभासद त्या सहीबरोबर आपला हक्कही देऊन टाकतो. म्हणून उपविधीत (संस्थेच्या नोंदलेल्या नियमावलीत) किंवा गटाच्या नियमांत असे लिहावे की सही सभेच्या जागीच होईल, आणि वही सभेनंतर त्या जागेबाहेर जाणार नाही.

सभेची तारीख कायमची ठरवून टाकावी. सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन असते, गाव शाळेच्या पटांगणात जमलेलेच असते, सोयाबीनची काढणी अजून सुरू झालेली नसते. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, बीडसह अनेक तालुक्यांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यांकडे निघतात, ते या तारखेला गावात असतात. डिसेंबरात घेतलेली सभा किंवा निवडणूक म्हणजे त्या कुटुंबांना मोजणीतूनच वगळणे होय, आणि काही ठिकाणी ती तारीख नेमकी त्यासाठीच निवडली जाते, असे म्हणायला जागा आहे. सभा सकाळी दहाला ठेवावी. रात्री आठला ठेवलेल्या सभेत स्त्रिया दिसत नाहीत.

निवडणुकीबाबत माझे म्हणणे अनेकांना पटणार नाही. आपल्याकडे 'बिनविरोध' निवड ही मोठी शोभा मानली जाते, तिच्या बातम्या होतात, सत्कार होतात. भांडण टळते हे खरे, पण तीन-चार वेळा बिनविरोध निवड झालेल्या संस्थेत सभासदाने मत कशावर द्यायचे असते हेच विसरले जाते, आणि निवड सभेत न होता आदल्या रात्री कोणाच्या तरी ओट्यावर होते. चुरशीच्या पॅनेलशाहीने संस्था फोडण्यापेक्षा मधला मार्ग घ्यावा: संचालकांपैकी एक तृतीयांश दरवर्षी निवृत्त व्हावेत असा गटाचा नियम करावा, सलग दोन कालावधींनंतर एक कालावधी मोकळा ठेवावा, आणि नाव एकच आले तरी गुप्त चिठ्ठीने 'होय' किंवा 'नाही' असे मत घ्यावे. नोंदणीकृत सहकारी संस्थेची निवडणूक कायद्याप्रमाणेच व्हावी लागते, त्यामुळे ही मोकळीक प्रामुख्याने गटाच्या पातळीवर आहे. सरपंच, पोलीस पाटील किंवा सोसायटीचे चेअरमन यांना पदसिद्ध अध्यक्ष करू नये. त्यांना सभासद म्हणून पूर्ण मान द्यावा.

नियम मोडणाऱ्याचे काय करायचे, याला साधे उत्तर आहे आणि ते जगभर सापडले आहे. कुरणे, जंगले, पाटाचे पाणी असे सामायिक साठे स्थानिक लोक स्वतः कसे सांभाळतात याचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलेली एक समान गोष्ट म्हणजे शिक्षा पायरीपायरीने वाढणारी असते आणि लक्ष ठेवणारे लोक सभासदांतलेच किंवा सभासदांना उत्तरदायी असतात. आपल्या औजार बँकेत पहिल्या वेळी चूक सभेत फक्त वाचून दाखवावी, दुसऱ्या वेळी दंड घ्यावा, तिसऱ्या वेळी एका हंगामाची पाळी जावी. तक्रार ऐकणारे तीन जण संचालक नसावेत आणि त्यांत एक तरी स्त्री असावी. सभासदत्व काढून घेण्याची घाई कधीच करू नये. सहकारी कायद्यानेही त्यासाठी सभेत उपस्थित सभासदांचे तीन चतुर्थांश बहुमत आणि निबंधकांची मान्यता अशी कडक अट ठेवली आहे, कारण हिशेब विचारणाऱ्याला बाहेर काढण्यासाठीच या अस्त्राचा वापर होण्याचा धोका असतो. सहकारी संस्थेचे हिशेब आणि इतिवृत्त पाहण्याचा सभासदाला कायद्याने हक्क आहे. साध्या गटात तो नियमात लिहून द्यावा.

शेवटचा मुद्दा घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा, आणि बाहेर पडणाऱ्या सभासदाचा. भाड्याचा दर ठरवताना शेजारच्या गावातील दर पाहून त्यापेक्षा शंभर रुपये कमी लावण्याची पद्धत आहे. तीत यंत्र जुने झाल्यावर नवे कोठून येणार याचा विचारच नसतो. समजा यंत्र ८०,००० रुपयांचे आहे, ते आठ हंगाम चालेल आणि प्रत्येक हंगामात २०० एकर पेरणी करील, तर केवळ घसाऱ्यापोटी एकरी ५० रुपये बाजूला पडले पाहिजेत. दुरुस्ती, डिझेल आणि चालक त्यावर वेगळे. यंत्र अनुदानातून फुकट मिळाले असले तरीही हे ५० रुपये घ्यावेत. ही रक्कम स्वतंत्र खात्यात, तीन जणांपैकी दोघांच्या सह्यांनी निघेल अशी ठेवावी, आणि त्या खात्याचे पासबुक सभेत फिरवावे. सहकारी संस्थेत निव्वळ नफ्यापैकी किमान एक चतुर्थांश राखीव निधीत टाकणे बंधनकारकच आहे. गाव सोडून जाणाऱ्या किंवा मयत सभासदाच्या वारसाला भागाची मूळ रक्कम किती दिवसांत परत मिळेल, तो भाग वारसाच्या नावे कसा होईल, आणि संस्था बंद करावी लागली तर यंत्र विकून आलेली रक्कम कोणत्या सार्वजनिक कामाला जाईल, हे तीन ठराव पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात असावेत. यंत्र शेडमध्ये येण्यापूर्वी ते लिहायला अर्धा तास पुरतो.